प्रकल्प नोंदी: एकाच टेबलावर ध्वनी आणि प्रकाश

४ नोव्हेंबर: मांडणी

विज्ञान प्रदर्शनात एक लांब टेबल मिळणार आहे. डाव्या बाजूला ध्वनी, उजव्या बाजूला प्रकाश आणि शक्यतो दोन्हीकडे तोच प्रयोग, अशी कल्पना. भाषण नको. बघायला येणाऱ्याने स्वतः बटण दाबावं, कान लावावा, पट्टी फिरवावी. पुढे कोणाला हेच करायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून काय चाललं आणि काय फसलं ते लिहून ठेवतो आहे.

पाठ्यपुस्तकातला तक्ता सगळ्यांना पाठ असतो. ध्वनीला माध्यम लागतं, प्रकाशाला लागत नाही. हवेतला ध्वनी अनुतरंग (कंपन पुढे-मागे), प्रकाश अवतरंग (कंपन आडवं). ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर, प्रकाश ३ लाख किलोमीटर. तक्त्यात सहसा नसलेली एक ओळ मी सगळ्यात वर टाकली आहे: तरंगलांबी. १००० हर्ट्झच्या सुराची ती ३५ सेंटिमीटरच्या आसपास, लाल लेसरची ६५० नॅनोमीटर. म्हणजे पाच लाखपटीहून जास्त तफावत. माझा अंदाज असा, की रोज जाणवणारे पुष्कळसे फरक या तफावतीतूनच येतात. दाराआडचं बोलणं ऐकू येतं आणि बोलणारा दिसत नाही, हे त्यातलंच. म्हणून टेबलाचे दोन भाग करायचे: मापामुळे पडणारे फरक एकीकडे, मुळातच असलेले दुसरीकडे. कुठला प्रयोग कुठे जाईल ते करून बघितल्यावरच ठरवायचं.

९ नोव्हेंबर: निर्वात भांडं

सुरुवात सर्वांना माहीत असलेल्या प्रयोगापासून. भांड्यात बझर आणि एलईडी ठेवायचे, हवा काढायची. आवाज जातो, उजेड राहतो.

भांड्याबद्दल आधी. काचेची घरगुती बरणी वापरू नका. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो वजनाइतका असतो. २० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर हा हिशेब तीनशे किलोच्या वर जातो. बरणी आत कोसळली तर काचा बाहेर उडतात. रेझिनचं काम करणारे बुडबुडे काढायला जे जाड पारदर्शक झाकणाचं व्हॅक्यूम चेंबर वापरतात ते घेतलं आणि पंप एसी दुरुस्तीवाल्यांचा. संपूर्ण टेबलात सगळ्यात महाग वस्तू हा पंपच. उरलेलं सगळं मिळूनही त्याच्याइतकं होत नाही. शक्य असेल तर उसना आणा.

बझर तळावर ठेवला, पंप चालू केला. काट्याने जवळजवळ पूर्ण निर्वात दाखवलं आणि आवाज थोडासाच कमी झाला. फोनवरच्या ध्वनिमापकात ७८ डेसिबलचे ७१ झाले, एवढंच. कान टेबलावर टेकवला तेव्हा उलगडा झाला. आवाज हवेतून येतच नव्हता. बझर तळाला हादरवत होता, तळ टेबलाला आणि टेबल खोलीतल्या हवेला.

ही अडचण प्रयोगाइतकीच जुनी आहे. सतराव्या शतकात अथानासिउस किर्शर यांनी निर्वात पोकळीत घंटा वाजवल्याची हकिकत लिहिली, त्यात घंटा ऐकू आली होती. आधार घट्ट असला की असंच होतं. रॉबर्ट बॉइल यांनी १६६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात घड्याळ दोऱ्याने टांगलेलं होतं आणि हवा काढल्यावर त्याची टिकटिक नाहीशी झाली.

११ नोव्हेंबर: बझर टांगला

चार रबर बँड, मधे बझर, विजेसाठी केसासारख्या बारीक दोन तारा. आधीच्या जाड तारा स्वतःच आवाज वाहून नेत होत्या. बॅटरीची डबीही बझरबरोबरच लोंबकळत ठेवली, म्हणजे बाहेर जाणारी तारच उरली नाही. खाली फोमचा तुकडा ठेवून पाहिला, पण बंद पेशींचा (आत हवा कोंडलेला) फोम निर्वातात फुगला आणि बझरला चिकटला. फोम काढला. आता वाचन पन्नासच्या खाली जातं आणि बझर वाजतोय की नाही हे खोलीच्या गोंगाटात ओळखू येत नाही. एलईडी जसाच्या तसा.

माहितीच्या फलकावर काय लिहायचं यावर मात्र बराच वेळ गेला. ‘माध्यम नाही म्हणून आवाज नाही’ हे इथे खरं नाही. आपल्या भांड्यात वातावरणाचा शंभरावा भाग हवा अजून आहे असं धरा. तेवढ्या हवेतही ध्वनी जातो आणि त्याच वेगाने जातो, कारण वायूतला वेग तापमानावर ठरतो, दाबावर नाही. आवाज पडतो तो वेगळ्या कारणाने. विरळ हवेला बझरच्या चकतीकडून जोर घेता येत नाही आणि जो थोडा घेतला तो झाकणाच्या भिंतीला देता येत नाही. खऱ्या अर्थाने ध्वनी चालूच नये, तर रेणूंच्या दोन टकरांमधलं अंतर तरंगलांबीच्या जवळ जायला हवं. नेहमीच्या दाबाला हे अंतर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी असतं. दाब दहा लाखपट कमी केला तर ते सात सेंटिमीटरच्या आसपास येतं. ३००० हर्ट्झच्या बझरची तरंगलांबी साडेअकरा सेंटिमीटर. म्हणजे तिथे कुठे ध्वनीची वाट संपू लागते. आपला पंप त्या गावाला जात नाही.

फलकावर शेवटी लिहिलं: ‘हवा जितकी विरळ, आवाज तितका क्षीण. उजेडाला फरक नाही.’ यापेक्षा जास्त दावा हे भांडं करू शकत नाही.

१६ नोव्हेंबर: वेग

ध्वनीचा वेग मोजणं सोपं वाटत होतं. दोन माइक ४ मीटर अंतरावर, टाळी एका टोकाला, ध्वनिमुद्रणात दोन शिखरांमधला वेळ मोजायचा. दोन माइक एका फोनला जोडण्यासाठी दुभाजक आणला आणि दोन्ही माइक एकाच मार्गिकेत आले. फोनच्या हेडसेट जॅकवर माइकसाठी एकच मार्गिका असते. स्टिरिओ असतो तो ऐकण्यासाठी. नवं यंत्र घेण्याच्या बेतात असताना लक्षात आलं की अडलेलं काहीच नाही. दोन्ही माइक एकाच रेघेत मिसळले तरी एका टाळीची दोन शिखरं दिसतातच, आधी जवळच्या माइकचं, मग लांबच्याचं. उलट घड्याळं जुळवण्याची कटकट वाचते. दोन वेगळ्या फोनांवर मुद्रण करून नंतर जुळवायचा नाद करू नका.

खोलीत २७ अंश. वेग ३४८ मीटरच्या जवळ यायला हवा, म्हणजे ४ मीटरला साडेअकरा मिलिसेकंद. आलं ते सातत्याने जास्त, ३५५ च्या पुढे. टाळी वाजवणारा दोन्ही माइकांच्या सरळ रेषेत उभा नव्हता. रेषेपासून दहा अंश बाजूला गेलं की दोन माइकांमधलं परिणामी अंतर दीड टक्क्याने घटतं, वेळ कमी येतो, वेग फुगतो. जमिनीवर दोरी आखली आणि टाळीऐवजी दोन लाकडी ठोकळे घेतले, कारण त्यांचं शिखर टोकदार येतं. त्यानंतर आकडे ३४५ ते ३५० मध्ये बसले.

प्रकाशासाठी हीच मांडणी? ध्वनिमुद्रणात सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात. दोन नमुन्यांच्या मधल्या वेळात प्रकाश ६.८ किलोमीटर जातो. ४ मीटरला त्याला १३ नॅनोसेकंद लागतात. टेबलावर हे सरळ मोजणं आपल्या खर्चात बसत नाही.

१८ नोव्हेंबर: मायक्रोवेव्हचा आडमार्ग

प्रकाश नाही तर त्याच्या कुळातला कोणी. मायक्रोवेव्ह ओव्हनची फिरती तबकडी काढली, ओल्या कागदी रुमालावर बिलाचा थर्मल कागद पसरला आणि काही सेकंद चालवलं. जिथे तरंग जोरात तिथे कागद तापून काळा होतो. ओव्हनवर २४५० मेगाहर्ट्झ लिहिलेलं असतं. तरंगलांबी १२.२ सेंटिमीटर, म्हणून डाग निम्म्या अंतरावर, ६.१ सेंटिमीटरला यावेत.

कागद कोरडा पडला तिथे काही उमटलं नाही, फार भिजला तिथे सगळंच राखाडी झालं. नीट उमटलेल्या कागदावर डागांमधली अंतरं साडेपाच ते सात सेंटिमीटर. खोक्यात तरंग तिन्ही दिशांनी उसळत असतात, त्यामुळे एका सरळ रेषेतली नेटकी ओळ मिळत नाही. ६.१ वाली जोडी निवडून ‘बघा, ३ लाख किलोमीटर!’ म्हणता येतं आणि पुष्कळ लोक तेच करतात. मी सगळे डाग आणि सगळी अंतरं असलेला कागदच फलकावर चिकटवणार आहे. सरासरी दहा टक्क्यांच्या आत येते, आणि आवाजाच्या सुमारे साडेआठ लाखपट वेग दाखवायला तेवढं बास आहे. ओव्हन प्रदर्शनात न्यायचा नाही.

२३ नोव्हेंबर: दोन स्पीकर, पहिला बेत बारगळला

व्यतिकरण, म्हणजे दोन तरंग मिसळून कुठे वाढणं, कुठे कमी होणं. दोन स्पीकरमधून एकच सूर सोडला तर समोर चालताना आवाज मोठा, लहान, मोठा असा लागला पाहिजे. स्पीकर म्हणून दोन फोन ठेवले, दोन्हींवर २००० हर्ट्झचा सूर लावला आणि खोलीत चालून पाहिलं. आवाज जागोजागी बदलत होता, पण एका जागी उभं राहिलं तरी बदलत होता!

याला दोन कारणं निघाली. एक भिंती. परावर्तनामुळे खोलीभर नको तितके पट्टे तयार होतात. डोकं हललं की आवाज पालटतो. मोकळ्या मैदानात गेल्यावर हे गेलं. दुसरं कारण मैदानातही आलं. एका जागी स्थिर उभा राहिलो तरी आवाज चढायचा, उतरायचा आणि साधारण चाळीस सेकंदांनी पुन्हा चढायचा. दोन्ही फोन २००० म्हणत होते, पण त्यांची अंतर्गत घड्याळं तंतोतंत एक नव्हती. चाळीस सेकंदांत एक पूर्ण फेरा, म्हणजे ०.०२५ हर्ट्झचा फरक. लाखात एकाच्या आसपास. तेवढ्याने अख्खी पट्ट्यांची नक्षी हळूहळू सरकत राहते.

उपाय साधा आहे: एकच फोन, त्यातून तार काढून दोन स्पीकर. नक्षी जागेवर थांबली.

दोन फोनांची फसलेली मांडणी मात्र फेकणार नाही. दोन टॉर्च एका भिंतीवर मारले तर पट्टे का दिसत नाहीत, हा प्रश्न प्रत्येक हुशार मुलगा विचारतो आणि त्याचं उत्तर या फोनांत आहे. लाल प्रकाशाची वारंवारता ४.६ गुणिले १० चा १४ वा घात हर्ट्झ. दोन लाल उगमांत लाखात एकाच्या आसपास फरक असला, तरी नक्षी सेकंदाला पाच-सहाशे कोटी वेळा सरकेल. डोळ्याला दिसेल तो नुसता सरासरी उजेड. टॉर्चचा प्रकाश तर एवढाही शिस्तीचा नसतो. म्हणजे ‘आवाजाचे पट्टे ऐकू येतात, उजेडाचे दिसत नाहीत’ हा फरक तरंगांच्या मुळातला नाही, तो उगमांचा आहे. टेबलावर तो मापाच्या बाजूला गेला.

२६ नोव्हेंबर: वारा

मैदानात एक गोष्ट आयतीच हाती लागली. झुळूक आली की शांत जागा हलते. ताशी १८ किलोमीटरचा आडवा वारा, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. स्पीकरपासून ४ मीटरवर पोचेपर्यंत तो ध्वनीला सहा सेंटिमीटर बाजूला सरकवतो. शांत पट्टा अरुंद असतो, तेवढं सरकणं कानाला लगेच कळतं. प्रत्यक्षात झोत उलटसुलट येतात, त्यामुळे नक्षी थरथरते.

ध्वनी वाऱ्याबरोबर वाहतो, कारण तो वाऱ्याचाच आहे. त्याचा वेग हवेच्या संदर्भात असतो. प्रकाशालाही असं एखादं माध्यम, ईथर, असेल आणि पृथ्वी त्यातून जाताना त्याचा ‘वारा’ जाणवेल, या अपेक्षेने मायकेलसन आणि मोर्ले यांनी १८८७ मध्ये व्यतिकरणाच्याच पट्ट्यांवर नजर ठेवली. अपेक्षेइतके पट्टे सरकले नाहीत. माध्यम लागतं की नाही हा फरक मला निर्वात भांड्यापेक्षा या मैदानात जास्त नीट समजला. प्रदर्शन सभागृहात आहे, तिथे वारा कुठला. टेबल फॅन आडवा लावून पाहिला, पण त्याच्या स्वतःच्या घरघरीने सगळं बुडवलं. हा प्रयोग चित्रफितीवर दाखवायचा.

३० नोव्हेंबर: सीडी आणि स्पीकर, तोच कोन

सगळ्यात जास्त मन लागलं ते इथे.

प्रकाशाच्या बाजूला आधी केस लावला होता. लेसरसमोर केस ताणून धरायचा, ३ मीटरवरच्या भिंतीवर पट्टे बघायचे. गडद पट्टे २६ मिलिमीटर अंतरावर आले. हिशेबाने केसाची जाडी ७५ मायक्रोमीटर. सुंदर, पण शेजारच्या स्पीकरांशी त्याचं नातं दिसेना. तिकडे माणूस पावलं टाकत चालतोय, इकडे बोटभर नक्षी.

पट्टा कोणत्या कोनात येतो हे तरंगलांबी आणि उगमांमधलं अंतर यांच्या गुणोत्तरावर ठरतं. मग दोन्हीकडे गुणोत्तरच सारखं ठेवलं तर? सीडीवरच्या दोन ओळींत १.६ मायक्रोमीटर अंतर असतं. लाल लेसर ०.६५ मायक्रोमीटर. गुणोत्तर ०.४०६, कोन २४ अंश. स्पीकरच्या बाजूला २००० हर्ट्झची तरंगलांबी १७.४ सेंटिमीटर. तेच गुणोत्तर यायला स्पीकर ४३ सेंटिमीटर अंतरावर हवेत.

ठेवले. मैदानात मधल्या रेषेपासून २४ अंशांवर चुन्याची रेघ मारली, डोळे मिटून एक कान दाबून चाललो, आणि मोठा आवाज रेघेवरच आला. टेबलावर त्याच कोनात लाल ठिपका. एक कोनमापक कागदावर छापून दोन्हीकडे ठेवायचा, एवढंच स्पष्टीकरण पुरे. ही जोडी मापाच्या बाजूची राणी.

करणाऱ्यांसाठी: सीडीतून लेसर आरपार न्यायचा असेल तर चंदेरी थर काढावा लागतो. छापील बाजूवर ब्लेडने ओरखडा काढून जाड चिकटपट्टी लावायची आणि झटक्याने ओढायची. थर सोलून निघतो, कारण तो छापील लाखेच्या लगेच खाली असतो. डीव्हीडी घेऊ नका. तिच्यात तो थर दोन चकत्यांच्या मधे असतो आणि ओळीही ०.७४ मायक्रोमीटरवर, म्हणजे कोन वेगळा. सीडीचा मधला भाग टाळून कडेचा तुकडा कापा, तिथे ओळी जास्त सरळ असतात.

सीडीचा ठिपका टोकदार येतो आणि स्पीकरचा मोठा आवाज पसरट लागतो, यावरून नक्की विचारणा होणार. सीडीवर शेकडो ओळी एकदम काम करतात, इथे दोनच स्पीकर. त्याच अंतराने चार स्पीकर एका रांगेत लावल्यावर आवाजाची जागा खरंच आवळली. चौघांचा खर्च परवडला तर जरूर करा. सभागृहात भिंतींचा त्रास होणार हे गृहीत धरून मागे गाद्या उभ्या करायचं ठरवलं आहे.

५ डिसेंबर: ध्रुवीकरण

हा फरक मात्र मुळातला. प्रकाश अवतरंग असल्यामुळे त्याच्या कंपनाला आडवं-उभं असतं. हवेतला ध्वनी पुढे-मागे कंप पावतो, त्याला बाजूच नसते.

ध्रुवक पट्ट्या, म्हणजे एकाच दिशेचं कंपन जाऊ देणाऱ्या, बिघडलेल्या एलसीडी पडद्यातून काढल्या. पुढची आणि मागची मिळून दोन मिळतात. गोंद चिवट असतो. कोमट पाण्यात बुडवून सावकाश सोला, ओढाताण केली की पट्टीवर पांढरे चरे उमटतात. पहिली पट्टी अशीच गेली. दोन पट्ट्या काटकोनात ठेवल्या की अंधार, मधे तिसरी ४५ अंशांत सरकवली की उजेड परत येतो. लोक इथे रेंगाळणार हे नक्की.

ध्वनीच्या बाजूला काय ठेवायचं यावर अडलं. पुठ्ठ्याला उभ्या फटी पाडून स्पीकरसमोर फिरवल्या. आवाज बदलला नाही. पण यातून काहीच सिद्ध होत नाही. फटी आवाजाला अडवणारच नसतील तर फिरवून उपयोग काय? ‘काही घडलं नाही’ हे दाखवायचं असेल तर शेजारी तीच कृती करून काहीतरी घडलं पाहिजे.

तेव्हा पट्टी फिरवण्याऐवजी उगम फिरवला. लेसर डायोडचा प्रकाश बहुतेकदा आपणहूनच ध्रुवित असतो. समोर एक पट्टी स्थिर ठेवून लेसरची नळी स्वतःभोवती फिरवली, तर भिंतीवरचा ठिपका ठळक होतो, विझत येतो, पुन्हा ठळक होतो. शेजारी स्पीकर तसाच स्वतःच्या अक्षावर फिरवायचा, समोर ध्वनिमापक. काटा ढिम्म हलत नाही. लंबगोल स्पीकर घेऊ नका, गोलच घ्या.

फलकावर ‘हवेतला ध्वनी’ असं मुद्दाम लिहिलं आहे. घन पदार्थात आडवी कंपनंही जातात. भूकंपाच्या दुय्यम लहरी तशाच असतात, म्हणून त्या द्रवातून जात नाहीत. नुसतं ‘ध्वनी अनुतरंग असतो’ लिहिलं तर कोणीतरी जाणकार बोट ठेवेल, आणि त्याचं बरोबर असेल.

१० डिसेंबर: डॉप्लर सोडून दिला

उगम जवळ येताना सूर चढतो आणि लांब जाताना उतरतो, तो डॉप्लर परिणाम. दोरीला बांधून बझर फिरवला. सेकंदाला ६ मीटर वेगाने सूर पावणेदोन टक्के चढतो-उतरतो, छान ऐकू येतं. पण तेवढ्या वेगाने प्रकाशात होणारा बदल कोट्यंशांत मोजावा लागेल. उजवी बाजू रिकामी राहते, शिवाय गर्दीत दोरी फिरवणं धोक्याचं. काढून टाकला.

१४ ते २१ डिसेंबर: आवाजाचं भिंग

अपवर्तन, म्हणजे माध्यम बदलताना तरंगाचं वळणं. त्यासाठी पाण्याने भरलेला गोल चंबू उजेड गोळा करतो, कारण पाण्यात प्रकाश मंदावतो: ३ लाखांचा सव्वादोन लाख किलोमीटर. ध्वनीचं उलट, पाण्यात तो सेकंदाला जवळजवळ १५०० मीटर. यावरून ‘दाट माध्यमात ध्वनी वेगवान’ असा नियम मुलं पाठ करतात आणि तो चूक आहे. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा दीडपट जड, पण त्यात ध्वनी २७० मीटरनेच जातो. पाण्यात वेग वाढतो तो पाणी दाबायला फार ताठ आहे म्हणून, जड आहे म्हणून नव्हे.

म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा फुगा हे ध्वनीचं बहिर्वक्र भिंग. हवेतल्या वेगाशी गुणोत्तर १.२९, पाण्याचा प्रकाशासाठीचा अपवर्तनांक १.३३. इतकी जवळची जोडी मिळाल्यावर सोडवेना.

फुगा भरेना. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा, दोन चमचे, आणि फुगा लिंबाएवढा. हिशेब आधी करायला हवा होता: ३० सेंटिमीटर व्यासाच्या फुग्यात १४ लिटर वायू मावतो, त्याला ५० ग्रॅम सोडा आणि पाच टक्क्यांचं व्हिनेगर पाऊण लिटर लागतं. एकदम ओतलं तर फेस फुग्यात जातो. मोठ्या बाटलीत थोडं थोडं टाकत भरला.

भरला, स्पीकर दीड मीटरवर ठेवला, फुग्यामागे कान लावला आणि काहीच जाणवलं नाही. सूर होता १००० हर्ट्झचा. ३५ सेंटिमीटरच्या तरंगासमोर ३० सेंटिमीटरचा फुगा हे भिंग नव्हे, अडथळाही धड नव्हे. तरंग त्याला वळसा घालून जातो. पुन्हा माप! सूर ६००० वर नेला, तरंगलांबी पावणेसहा सेंटिमीटर, आणि फुग्यामागे पाव मीटरवर आवाज एकदम उसळला. मापकात ६ डेसिबलची वाढ. साध्या हवेचा तेवढाच फुगा बाजूला ठेवलाय. तो ठेवून काही वाढत नाही, म्हणजे रबराची करामत नाही हे दिसतं.

दुसऱ्या दिवशी परिणाम अर्ध्यावर. रबरातून कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा बराच लवकर निसटतो. आठवडाभर निरनिराळे फुगे करून पाहिले; जाड रबर थोडं टिकतं, एवढाच निष्कर्ष. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी ताजा भरायचा आणि दुपारी बदलायचा. सोडा आणि व्हिनेगर दुप्पट आणून ठेवा.

२७ डिसेंबर: रंगीत तालीम

टेबल सभागृहात लावलं. गाद्यांमुळे स्पीकरचा पट्टा ओळखू येतो, मैदानाइतका स्वच्छ नाही. सहा हजारांचा सूर तासभर चालला की शेजारच्या टेबलवाल्यांचं डोकं उठतं. त्यामुळे दाबून धरेपर्यंतच वाजेल असं बटण बसवलं. पंपाचा आवाज बझरपेक्षा मोठा निघाला. हवा आधी काढून झडप बंद करायची, पंप थांबवायचा आणि मग लोकांना बोलवायचं. झडप उघडून हवा आत सोडताना बझर हळूहळू जिवंत होतो, तो भाग जास्त ऐकण्यासारखा आहे, म्हणून प्रयोग त्याच क्रमाने दाखवायचा.

लेसरबद्दल शेवटचं. पॉइंटरवर लिहिलेल्या शक्तीवर विसंबू नका. बरेच त्याहून जास्त देतात. एक मिलिवॉटच्या आतला मॉड्यूल घ्या आणि स्क्रूने घट्ट बसवा. नळी फिरवण्याच्या प्रयोगात ती फक्त अक्षाभोवती फिरेल, वर उचलता येणार नाही, अशी खोबण करा. सीडीच्या तुकड्यावरून काही प्रकाश उलटाही परततो, बघणाऱ्यांच्या बाजूला. मागे आणि दोन्ही बाजूंना काळा पुठ्ठा लावला आहे, आणि लेसरची पातळी लहान मुलांच्या डोळ्यांच्याही खाली येईल इतकं ते टेबल उतरवलं आहे.